ओळंबा

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

काही शब्द आपण पुस्तकातून शिकतो, काही शब्द घरातल्या भांडणातून. ‘मोजणी’ हा शब्द मी दुसऱ्या प्रकारे शिकले. भूगोलाच्या वर्गात त्याची व्याख्या कानावर पडण्याच्या कितीतरी वर्षे आधी तो आमच्या ओसरीवर रोज संध्याकाळी येऊन बसत असे. आबा रानातून परत आले, हातपाय धुतले, चहाची कपबशी हातात घेतली की म्हणायचे, “एकदा मोजणी आणल्याशिवाय नानांचं तोंड बंद व्हायचं नाही.” मग आई काही बोलायची नाही, आजी जपाची माळ जरा जोरात ओढायची, आणि मी पाटीवर पाढे लिहीत असायचे.

आमचे गाव इंदापूर तालुक्यात. आजोबांची जमीन फार नव्हती, पण होती ती एका तुकड्यात होती. १९९६ साली त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत तिची दोन मुलांत वाटणी केली. पूर्वेकडचा भाग थोरल्या नानांना, पश्चिमेकडचा आबांना. रीतसर मोजणी होऊन पोटहिस्से पडले, हद्दीवर तीन दगड रोवले गेले आणि त्या रेषेवर बांध घालण्यात आला. बांधाची लांबी शंभर मीटर. आजोबा त्यावरून सांज-सकाळ फेरी मारीत आणि म्हणत, की दोन भावांच्या मध्ये बांध असावा, भिंत नसावी. आजोबा गेले आणि बांधाची हळूहळू भिंत झाली.

टोकाचा एक दगड रस्ता रुंद करताना गेला. दुसरा ओढ्याच्या पुरात वाहून गेला. मधला कधी दिसेनासा झाला ते कोणालाच सांगता येईना. उरला नुसता मातीचा बांध. आबांचे म्हणणे, की नाना दर वर्षी नांगरट करताना बांध कोरतात आणि एकेक तास आमच्या बाजूला सरकतात. मी चौथीत असताना एका सकाळी या तासावरून बांधावरच शब्दाला शब्द वाढला. हातघाईवर गोष्ट आली नाही एवढेच. त्या दिवसापासून दोन्ही घरांचे येणेजाणे बंद झाले. मला सख्खा भाऊ नाही. नानांचा मुलगा, ज्याला मी दादा म्हणते, तोच माझा भाऊ. त्या वर्षीच्या भाऊबीजेला आईने ताम्हन काढलेच नाही. पुढे अकरा वर्षे काढले नाही.

आबांच्या म्हणण्याबद्दल मला कधी शंका आली नाही. मुलीला बापाच्या शब्दाविषयी शंका यावी तरी कशी? नानांच्या ओसरीवरसुद्धा असेच एखादे वाक्य रोज संध्याकाळी म्हटले जात असेल, हे मला तेव्हा सुचले नाही.

कॉलेजात भूगोल घेतला तो काही बांधासाठी नव्हे. मार्क बरे पडतात असे मैत्रिणी म्हणाल्या, म्हणून घेतला. द्वितीय वर्षाला सर्वेक्षणाचे प्रात्यक्षिक आले. हातात साखळी, होकायंत्र आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या काठ्या घेऊन आम्ही चौघीजणी मागच्या मैदानावर उतरलो. निंबाच्या झाडापासून पाण्याची टाकी, टाकीपासून जिमखान्याचा कोपरा, तिथून ध्वजस्तंभ, तिथून सायकल स्टँड आणि परत निंबाचे झाड असा फेरा. याला ट्रॅव्हर्स म्हणतात. प्रत्येक रेषेची लांबी मोजायची, दिशा टिपायची आणि कागदावर तो फेरा उतरवायचा. जिथून निघालो तिथेच शेवटची रेषा येऊन मिळाली पाहिजे.

आमची मिळेना. मैदानावर आम्ही निंबाखालीच परत आलो होतो. कागदावर मात्र निंब दोन ठिकाणी उगवला होता, आणि दोहोंत अर्ध्या बोटाचे अंतर होते. दुपारचे ऊन डोक्यावर, वही त्याच दिवशी द्यायची. मग आम्ही जे करू नये ते केले. एका रेषेची दिशा एका अंशाने बदलली, दुसरीची लांबी थोडी खोडून लिहिली. फेरा बिनबोभाट मिटला. वही इतकी सुबक झाली, की आम्हांलाच आमचे कौतुक वाटले.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्या वह्या टेबलावर मांडल्या आणि आमची बाजूला काढली. म्हणाले, “या वर्गात चूक नसलेली ही एकच वही आहे, आणि नेमकी हीच मला खोटी वाटते.”

आमच्या माना खाली गेल्या. पण सर रागावले नाहीत. त्यांनी फळ्यावर आमचाच फेरा काढला आणि समजावून सांगितले, की मोजमाप म्हटले की चूक आलीच. साखळी वापरून वापरून कड्यांमध्ये ताणते आणि लांब होते. उन्हात धातू वाढतो. जवळ लोखंडी कुंपण असले की होकायंत्राची सुई तिकडे वळते. शेवटी फेरा जेवढ्याने उघडा राहतो, ती आपली क्लोजिंग एरर. ती लपवायची नाही. ती मोजायची आणि वहीत लिहायची. मर्यादेत असेल तर प्रत्येक रेषेच्या लांबीच्या प्रमाणात ती सगळ्या रेषांवर वाटून टाकायची, आणि मर्यादेबाहेर असेल तर साखळी उचलून पुन्हा मैदानावर जायचे. “सर्वेक्षकाची अब्रू त्याची चूक शून्य असण्यात नसते,” सर म्हणाले, “आपली चूक किती आहे हे त्याला ठाऊक असण्यात असते.”

मी इंदापूरकडची आहे हे कळल्यावर सरांनी मला मुद्दाम उठवून विचारले, “तुझ्या तालुक्याचे या शास्त्राशी काय नाते आहे, माहीत आहे का?” मला माहीत नव्हते. वर्गातल्या कोणालाच नव्हते.

पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने दख्खनची जमीन मोजून सारा ठरवण्याचा पहिला मोठा उद्योग केला तो प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताने. त्याने प्रत्येक शेताच्या उत्पन्नातून खर्च वजा करून निव्वळ नफा काढण्याचा घाट घातला. हिशेब कागदावर डौलदार दिसला, पण मोजणीत आणि उत्पन्नाच्या अंदाजात इतक्या चुका निघाल्या, की सारा शेतकऱ्याला झेपेना, आणि लोक जमिनी टाकून जाऊ लागले. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने काम हाती घेतले, ते इंदापूर तालुक्यापासून. त्यांनी उत्पन्नाचा नाद सोडला. जमीन मोजायची, मातीची प्रत ठरवायची, त्यावर सारा बसवायचा आणि तो तीस वर्षे वाढवायचा नाही. एका बैलजोडीने कसता येईल एवढ्या जमिनीचा एक सर्व्हे नंबर धरायचा आणि त्याच्या हद्दीवर दगड रोवायचे. पुढे १८४७ साली या पद्धतीचे नियम एका संयुक्त अहवालात बांधले गेले आणि मुंबई इलाख्यात तीच पद्धत रूढ झाली. आपण आजही ‘सर्व्हे नंबर’ म्हणतो तो शब्द तिथला.

त्या मोजणीचे हत्यार म्हणजे शंकू साखळी. लांबी तेहेतीस फूट, भाग सोळा, आणि प्रत्येक भागाला नाव ‘आणा’. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौरस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. गुंठ्याचे कोष्टक मी शाळेत घोकले होते. गुंठ्याच्या पोटात एक साखळी वेटोळे घालून बसली आहे हे मला त्या दिवशी कळले.

सरांनी पुढच्या काही तासांत आम्हांला त्याहूनही मोठ्या मोजणीची गोष्ट सांगितली. ती मी इथे थोडक्यात सांगते, कारण माझ्या गोष्टीचा सांधा तिच्यात आहे.

१८०२ सालच्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी विल्यम लॅम्टन नावाच्या अधिकाऱ्याने साडेसात मैलांची एक रेषा मोजायला घेतली. शंभर फुटांची पोलादी साखळी, ती उन्हाने वाढू नये म्हणून लाकडी पेट्यांत ठेवायची, पेट्यांत थर्मामीटर लावायचे आणि तापमानाप्रमाणे लांबीची दुरुस्ती करायची. एवढीशी रेषा मोजायला जवळजवळ दोन महिने लागले. पण ती एकदा पक्की झाली की पुढे जमिनीवर साखळी टाकावी लागत नाही. रेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यायचे, की त्रिकोण सुटतो. त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा, त्यावर तिसरा. असे त्रिकोणावर त्रिकोण रचीत दक्षिणेपासून थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंत देश मोजला गेला. कोन घेण्याचे थिओडोलाइट यंत्रच अर्धा टन वजनाचे. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर ते चढवताना दोर तुटला, यंत्र आदळले आणि त्याची चकती वाकडी झाली. लॅम्टन सहा आठवडे स्वतःला त्या यंत्रापाशी कोंडून घेऊन बसला आणि ती चकती त्याने आपल्या हाताने पुन्हा गोल केली. त्याचे काम पुरे झाले नाही. २० जानेवारी १८२३ रोजी वाटेतच, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यामागे जॉर्ज एव्हरेस्टने ती त्रिकोणांची माळ उत्तरेला नेली. यंत्रे आणि निशाणे खांद्यावर वाहणारे, रात्री टेकडीवर दिवे धरणारे खलाशी मात्र तापाने वाटेत किती गेले, त्यांची नावे कुठल्याही शिखराला नाहीत.

या माळेत एक गाठ बसेना. मध्य हिंदुस्थानातले कल्याणपूर आणि हिमालयाकडचे कलियाना या दोन ठिकाणांमधले अंतर दोन प्रकारांनी काढले. एकदा त्रिकोणांवरून, एकदा ताऱ्यांच्या वेधांवरून. दोन्ही उत्तरांत कोनाच्या सव्वापाच सेकंदांचा फरक आला. जमिनीवर तो दीडशे मीटरांहून अधिक भरतो. चूक कोणाची? प्रॅट नावाच्या कलकत्त्याच्या धर्मोपदेशकाला गणिताचा नाद होता. त्याने ओळंब्याकडे बोट दाखवले. ताऱ्यांचे वेध घेताना यंत्र ओळंब्याने सरळ उभे करतात. पण शेजारी हिमालयाएवढा डोंगर उभा असला की त्याच्या आकर्षणाने ओळंबाच त्याच्याकडे झुकतो. झुकलेल्या ओळंब्याने घेतलेला वेधही झुकलेला. आणखी नवल असे, की प्रॅटने हिमालयाचे वस्तुमान धरून हिशेब केला, तर ओळंबा प्रत्यक्षापेक्षा तिपटीने झुकायला हवा होता. तो तेवढा का झुकला नाही, याचे उत्तर शोधताना १८५५ साली एअरी या शास्त्रज्ञाने डोंगरांना जमिनीखाली मुळे असतात ही कल्पना मांडली. आम्ही परीक्षेत ‘समतोलन’ म्हणून जो पाचमार्की प्रश्न लिहितो, तो या न मिटलेल्या फेऱ्यातून जन्माला आला.

सर म्हणाले, “गवंडी सांगतो, ओळंबा कधी खोटं बोलत नाही. बरोबर आहे. पण तो शेजारच्याकडे झुकतो, आणि आपण झुकलो आहोत हे त्याला कळत नाही.” मी ते वाक्य वहीत लिहून घेतले, परीक्षेला उपयोगी पडेल म्हणून.

चैत्रात ज्वारी निघाली, रान मोकळे झाले, आणि आबांनी खरोखरच मोजणी आणली. फी भरली, लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या आणि ठरल्या दिवशी सकाळी मोजणीचे साहेब मोटरसायकलवर आले. परीक्षा आटोपून मी घरीच होते. बांधावर अर्धे गाव जमले होते. नाना पलीकडे बाभळीखाली उभे होते, खांद्यावर टॉवेल, नजर जमिनीवर. दादा त्यांच्या मागे. अकरा वर्षांत मी त्याला एवढ्या जवळून पाहिले नव्हते. त्याचे केस पुढून विरळ झाले होते.

म्हाताऱ्या माणसांची निराशा झाली. त्यांना साखळी बघायची होती. साहेबांनी थैलीतून काढली ती एक काठी, तिच्या डोक्यावर पांढरी टोपी आणि हातात मोबाइलसारखे एक यंत्र. “साखळीबिगर कसली मोजणी?” कोणीतरी पुटपुटले. साहेब हसून म्हणाले, “बाबा, आता साखळी आभाळात आहे.”

ते खरेच होते. या काठीला रोव्हर म्हणतात. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश तो पकडतो. संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळते, आणि चार-पाच उपग्रहांच्या अंतरांवरून आपली जागा. यात सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक झाली तरी जमिनीवर तीनशे मीटरांचा घोटाळा होईल. आपल्या मोबाइलमधला नकाशा काही मीटर इकडेतिकडे चुकतो तो म्हणूनच; हवेचे, बाष्पाचे, वरच्या थरातल्या विद्युतभारित कणांचे अडथळे त्या संदेशाला वाटेत सोसावे लागतात. मग बांधाची मोजणी कशी जमते? तर भारतीय सर्वेक्षण विभागाने ठिकठिकाणी कायमची स्थानके उभारली आहेत. त्या स्थानकाला आपली स्वतःची जागा अगदी नेमकी ठाऊक असते. उपग्रह त्या क्षणाला तिथे जी जागा दाखवतो आणि जी खरी आहे, त्यांतला फरक ते रात्रंदिवस मोजत बसते आणि शेतातल्या रोव्हरला कळवत राहते, की आत्ता एवढी चूक धरून चाल. त्या एका निरोपावर मीटरांची चूक काही सेंटिमीटरांवर येते. म्हणजे इतक्या दिमाखाच्या यंत्राचा सारा नेमकेपणा शेवटी आपली चूक सतत मोजणाऱ्या एका खांबावर उभा आहे. मला सरांची आणि आमच्या त्या सुबक वहीची आठवण झाली.

पुरंदर तालुक्यात सोनोरी गावी काही वर्षांपूर्वी ड्रोन उडवून गावठाणाची मोजणी झाली आणि घरांचे नकाशे तयार झाले. २०२० साली ‘स्वामित्व’ योजना आली आणि तेच काम पुढे इतर राज्यांतही सुरू झाले. २०२१ पासून नकाशे आणि जमिनीची माहिती गोळा करण्यावरची जुनी बंधनेही सरकारने बरीच सैल केली. हे सारे मी वाचले होते आणि बांधावर उभी राहून मैत्रिणींना सांगावे तसे मनात घोळवीत होते. मनात थोडा गर्वही होता, की आज आबांची बाजू शास्त्र सिद्ध करणार आहे आणि ते शास्त्र मला कळते.

साहेबांनी जुना पोटहिस्स्याचा नकाशा काढला. आसपासच्या जुन्या खुणा, विहीर, शिवेवरचा दगड असे पाचसहा बिंदू घेतले आणि नकाशा जमिनीवर बसवला. मग काठी घेऊन ते बांधाच्या दिशेने निघाले. बांधापाशी थांबले नाहीत. बांध ओलांडून नानांच्या रानातही गेले नाहीत. ते आमच्या रानात, बांधापासून मीटरभर अलीकडे येऊन थांबले आणि म्हणाले, “हद्द इथं आहे. खणा.”

आमच्या गड्याने पहार मारली. वीतभर मातीखाली खणकन आवाज झाला. माती बाजूला केली, तर चौकोनी घडवलेल्या दगडाचे डोके दिसले. १९९६ सालचा मधला दगड. आजी काठी टेकत पुढे आली, खाली बसली आणि पदराने तिने दगडावरची माती पुसली.

बांधावर कोणी बोलेना. हिशेब करायला कागद लागत नव्हता. एक मीटर रुंद, शंभर मीटर लांब. सव्वातीन फूट आणि दहा साखळ्या. एक गुंठा. नानांचा एक गुंठा आमच्याकडे होता.

आबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते लबाड नाहीत. दगड त्यांनी पुरला असेल असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. भाड्याचा ट्रॅक्टर दर वर्षी बांधाला घासून चालायचा, ढासळलेली माती आम्ही पलीकडच्या अंगाला लावून बांध नीट करायचो. कोरत होतो ते आम्हीच, आणि जन्मभर दुसऱ्याला कोरताना पाहत होतो. पण त्या क्षणी आबांना हे सुचणे शक्य नव्हते. त्यांनी साहेबांकडे पाहिले, मग माझ्याकडे वळले.

“काय गं, तू शिकलीस ना ह्यातलं? सांग की साहेबांना. यंत्र चुकतंय ना?”

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. सांगायला शंभर गोष्टी होत्या. यंत्र चुकतेच, ढग, झाडे, विजेच्या तारा, नेटवर्क. मी त्यातले चार शब्द इंग्रजीत फेकले असते तर आबांची मान त्या गर्दीत ताठ राहिली असती आणि पुढे फेरमोजणी, अपील, आणखी अकरा वर्षे सुखाने गेली असती. माझ्या तोंडापर्यंत ते शब्द आलेही होते. आणि मला एकदम सरांचे ते वाक्य आठवले. मी त्या बांधावर सरळ उभी आहे असे मला वाटत होते. पण माझ्या शेजारी आबा उभे होते. लहानपणापासून तोच माझा हिमालय.

मी म्हटले, “आबा, यंत्र चुकतं. पण चुकलं तर दोन-चार बोटं चुकेल. मीटरभर नाही चुकणार. आणि दगड काही यंत्रानं पुरला नाही.”

आबा काही बोलले नाहीत. पलीकडून नानाच म्हणाले, “पोरीला कशाला मधी घेतोस? पाऊस तोंडावर आलाय. यंदाचं पेरून घे, बांधाचं मागनं बघू.” आणि टॉवेल झटकून ते निघून गेले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. तो असता तर बरे झाले असते, असे मला वाटले.

त्यानंतरचे दिवस मी लिहू नयेत हे बरे. आबा माझ्याशी बोलत नव्हते. जेवताना “मीठ सरकव” एवढेच. आई एकदा चुलीपुढे म्हणाली, “एवढं शिकवलं ते चारचौघांत बापाला खाली बघायला लावायला का?” मी काय उत्तर देणार? मी खरे बोलले होते याचा मला अभिमान वाटत नव्हता. अकरा वर्षे मीही तेच खोटे मनापासून मानले होते, आणि खरे बोलायला मला आभाळातून साक्षीदार यावा लागला. नानांच्या दाराशी जाऊन “काका, तुमचं काय म्हणणं आहे?” एवढे विचारायला कुठले यंत्र लागणार होते?

महिन्याभराने मोजणीच्या नकाशाची क प्रत आली. तिच्यावर दोन रेषा होत्या, एक अभिलेखातल्या हद्दीची आणि एक वहिवाटीची. दोहोंमधली पट्टी कागदावर सुतासारखी दिसत होती. आबांनी ती पाहिली न पाहिली केली आणि ट्रंकेत टाकली. पण एका रात्री पाणी प्यायला उठले, तर ओसरीवर दिवा जळत होता. आबा चष्मा लावून, कागद मांडीवर घेऊन त्या दोन रेषांवरून सावकाश बोट फिरवीत होते. मी पाणी न पिताच परत येऊन पडले.

कॉलेजात मी एकदा वाचले होते, की आपला भारतखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. अकरा वर्षांत आमचे शेत अर्ध्या मीटरहून अधिक सरकले असणार. पण ते बांधासकट, दगडासकट, नानांच्या शेतासकट सरकले. जमीन सगळ्यांना बरोबर घेऊन सरकते. माणसेच तेवढी एकमेकांपासून सरकतात.

मृगाच्या आधी नांगरटीला ट्रॅक्टर आला. मी न्याहारी घेऊन रानात गेले होते. ड्रायव्हरने नेहमीप्रमाणे बांधाच्या कडेने नांगर टाकायला घेतला. आबा पुढे झाले, हात वर करून त्याला थांबवले आणि म्हणाले, “तिकडनं नको. दगडाच्या अलीकडनं घे. एक तास मोकळं सोड.” एवढेच. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. मग फावडे घेऊन जुन्या बांधाची माती ते स्वतः ओढू लागले, दगडाच्या रेषेवर आणून टाकू लागले. शंभर मीटरांचा बांध एकट्या माणसाने हलवायचा म्हणजे काही खायचे काम नाही. दुपारी बारापर्यंत पंधरा-वीस मीटर झाले असतील. तेवढ्यात पलीकडून कोणी न बोलावता दादा आला. त्याच्या हातात फावडे होते. तो आबांना काही बोलला नाही, आबाही त्याला काही बोलले नाहीत. दोघे दोन टोकांनी माती ओढीत राहिले.

मी पाण्याची कळशी घेऊन गेले, तेव्हा दादाने घाम पुसत विचारले, “पेपर कसे गेले गं?”

अकरा वर्षांनी ऐकलेले ते पहिले वाक्य. मी म्हटले, “बरे गेले.”

हे लिहिताना दिवाळी महिन्यावर आली आहे. वार्षिकाचा अंक तुमच्या हाती पडेल तोवर ती होऊनही गेली असेल. काल सहज आईने माळ्यावरचे ताम्हन काढले आणि चिंच लावून घासायला घेतले. कशासाठी ते तिने सांगितले नाही, आणि मी विचारले नाही.